जाताना भरलेली, येताना रिकामी : पिकअपचे टायर निवडताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, ओतूरहून माळशेजमार्गे टोमॅटोचे क्रेट घेऊन तुर्भ्याच्या मार्केटला आला, माल उतरवला, चहा घेतला आणि पहाटे रिकामी पिकअप घेऊन परत निघाला. महाप्याकडून शिळफाट्याकडे जाताना पुढचा टेम्पो अचानक थांबला. दादाने ब्रेक दाबला, तर पुढची चाकं सरळ राहिली आणि मागचा हौदा बाजूने पुढे यायला लागला. गाडी रस्त्यात आडवी झाली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

त्याला राग कशाचा आला होता, तर पंधराच दिवसांपूर्वी त्याने दोन नवे टायर टाकले होते. फोनवर म्हणाला, "अरे, नवे टायर असून गाडी फिरली!" मी विचारलं, "नवे कुठे टाकलेस?" "पुढे. दुकानवाला म्हणाला, स्टेअरिंगला नवे टाका, पुढचे जुने मागे जातील."

तिथेच घोळ होता. पण त्याचं कारण समजायला थोडं मागून यावं लागेल.

पिकअपचा टायर घेताना सगळे भरलेली गाडी डोळ्यांपुढे ठेवतात. किती क्रेट, किती गोण्या, घाटात कशी चढेल. ते बरोबरच आहे. पण भाजीची, फर्निचरची, पाण्याच्या बाटल्यांची गाडी निम्मा वेळ रिकामी धावते, आणि रिकामी असताना ती वेगळीच गाडी असते. मागचे कमानपाटे भाराच्या हिशोबाने कडक बनवलेले असतात. भार नसला की ते दबत नाहीत, गाडी उड्या मारते, मागची चाकं रस्त्याला नीट टेकत नाहीत.

आकड्यांत बघू. समजा गाडी मालासकट ३,००० किलोची आहे आणि त्यातलं दोन तृतीयांश वजन मागच्या धुरीवर, म्हणजे ॲक्सलवर, येतं. म्हणजे २,००० किलो, एका चाकावर १,०००. आता माल उतरवा. समजा गाडी १,६०० किलोची राहिली आणि तिचं चाळीस टक्के वजन मागे आहे. म्हणजे ६४० किलो, एका चाकावर ३२०. त्याच टायरवरचा भार एक तृतीयांशाच्याही खाली आला.

गंमत पुढे आहे. गाडीचा भार टायरमधलं रबर उचलत नाही, हवा उचलते. त्यामुळे टायरचा रस्त्याला टेकलेला तुकडा किती मोठा, हे ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब या हिशोबाने निघतं. मागे ५० पौंड हवा, म्हणजे चौरस इंचाला ५० पौंड दाब, असेल तर १,००० किलोला साधारण २८५ चौरस सेंटिमीटर जागा टेकते. पोस्टातलं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं. म्हणजे दोन पोस्टकार्डं आणि वर थोडं. माल उतरवल्यावर, हवा तेवढीच ठेवली, तर उरतात ९० चौरस सेंटिमीटर. पाऊण पोस्टकार्ड. टायरची भिंत कडक असते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण मुद्दा तोच.

आता त्या पाऊण पोस्टकार्डावर टायर गोटा असेल, खाचा संपलेल्या असतील आणि खाली पावसाचं पाणी असेल, तर ते पाणी जाणार कुठे? खाचा असतात त्या पाणी बाजूला काढायला. कोरड्या डांबरावर गोटा टायरही पकडतो, म्हणून तर उन्हाळाभर काही जाणवत नाही आणि जूनच्या पहिल्या सरीला गाड्या फिरतात. त्यात मागचे ब्रेक बनवलेले असतात भरलेली गाडी थांबवायला. रिकाम्या गाडीत मागचं चाक हलकं, ब्रेक जोरदार, म्हणून चाक चटकन जाम होतं. जाम झालेलं चाक घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ते आपल्याला कळतं, आपण ब्रेक सोडतो. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि कळेपर्यंत आपण आडवे झालेलो असतो.

म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे. उरलेल्यांतले बरे ते पुढे. दुकानात हे सांगितलं की हमखास वाद होतो. "पुढचा फुटला तर?" हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर असं, की फुटण्याच्या अवस्थेतला टायर पुढे काय, मागेही नको. तो भंगारातच गेला पाहिजे. ज्याच्या भिंतीला फुगवटा आलाय, तारा दिसतायत, त्याला जागा शोधत बसू नये.

(ब्रेकला भारानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व बऱ्याच पिकअपना असतो. चिखलाने तो जाम होतो आणि कोणी बघत नाही. टायर बदलताना गाडी वर घेतलेलीच असते, तेव्हा मेकॅनिकला तो हलवून बघायला सांगा.)

नव्या टायरकडे वळण्याआधी जुना नीट बघा. आपल्याकडे म्हणतात, गाडी टायर खाते. कुठून खाते, हे टायरवर लिहिलेलं असतं. फक्त मधोमध झिजला असेल तर हवा जास्त होती. पिकअपच्या मागच्या चाकांना हे फार होतं, कारण भाराची हवा भरून निम्मा प्रवास रिकामा होतो. दोन्ही कडा झिजल्या, मध्य शाबूत, तर हवा कमी होती. एकाच बाजूने खाल्लाय तर अलाइनमेंट बिघडलंय, म्हणजे चाकं सरळ रेषेत नाहीत. हात फिरवला की एका दिशेने करवतीसारखं टोचतं, तरीही बहुतेकदा अलाइनमेंटच. जागोजागी खळगे पडलेत तर शॉकअप गेलेत, किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. हे दुरुस्त न करता नवे टायर टाकले, तर वर्षभराने याच दुकानात याच खुर्चीवर बसलेले असाल.

खाचा किती उरल्यात ते बघायला पट्टी लागत नाही. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत खाचेत रबराचा एक उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला, की १.६ मिलिमीटर उरलं. चारचाकीला ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पण १.६ वर पावसात गाडी चालवणं म्हणजे नियम पाळून घसरणं. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाला ३ मिलिमीटर राहिलं की टायर संपला असं धरावं, आणि बदल मे महिन्यात करावा, जुलैत नव्हे.

आता माप. टायरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या चाकाचा, व्यास, इंचात. मोठ्या बोलेरो पिकअपला ७.०० आर १५ असंही माप येतं, त्यात रुंदीही इंचातच असते. टाटा एसला १४५ आर १२. आपल्या गाडीला काय लागतं ते गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा दाराजवळच्या स्टिकरवर बघा. सध्या लावलेल्या टायरवर बघू नका, कारण आधीच्या मालकाने काय लावलं असेल सांगता येत नाही.

खरी फसगत मापात होत नाही, मापानंतरच्या अक्षरांत होते. प्रवासी बोलेरो जीपलाही २१५/७५ आर १५ आणि बोलेरो पिकअपलाही २१५/७५ आर १५. दोन्ही टायर शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळणार नाही. पण जीपच्या टायरवर मापापुढे १०० एस असं काहीतरी असेल. हा १०० म्हणजे भाराचा निर्देशांक. त्याचा अर्थ १०० किलो नाही आणि १०० टक्केही नाही. तक्त्यात १०० समोर ८०० किलो लिहिलेलं असतं. १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०. आपल्या वरच्या हिशोबात मागच्या एका चाकावर १,००० किलो येत होते. म्हणजे १०८ च्या खालचा टायर तिथे चालणारच नाही, दुकानदार कितीही "माप तेच आहे, शेठ" म्हणाला तरी. पिकअपसाठी मापाबरोबर एलटी ही अक्षरं शोधा, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. ११३/११० असे दोन आकडे असतील तर पहिला एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकाचा. त्यापुढचं अक्षर वेगाचं. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन म्हणजे १४०. भाजीच्या गाडीला ते पुरेसं आहे, आणि नसेल तर टायर नाही, ड्रायव्हर बदला.

मागच्या चाकावर खरंच किती भार येतो, हे अंदाजाने ठरवू नका. तुर्भे असो की कळंबोली, वजनकाटे जवळच आहेत. भरलेली गाडी एकदा पूर्ण काट्यावर घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन करा. दुसऱ्या आकड्याचे दोन भाग केले की मागच्या एका चाकाचा भार निघतो. दादाने हे केलं तेव्हा तो दिवसभर गप्प होता. मी आकडा विचारला नाही.

आता पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, थरांचा आकडा. "शेठ, डोळे झाकून जास्त पीआर घ्या," हा सल्ला तुम्हाला मिळेलच. पूर्वी टायर सुती कापडाच्या थरांनी बनायचे, आणि आठ पीआर म्हणजे खरोखर आठ थर. आता धागा इतका मजबूत असतो, की आठ पीआर लिहिलेल्या टायरमध्ये दोनच थर असू शकतात. आकडा फक्त ताकद सांगतो, म्हणजे टायर किती दाबाची हवा पेलेल आणि त्यामुळे किती भार घेईल. आठ ऐवजी दहा घेतला आणि हवा आठचीच भरली, तर भार फारसा वाढणार नाही. टायर मात्र कडक होईल, आणि रिकामी गाडी अजून उड्या मारेल. शिवाय जास्त हवा पेलायची तर डिस्कही तेवढी मजबूत लागते. माझं मत असं, की कंपनीने सांगितलेल्या पीआरच्या खाली कधीच जाऊ नये, आणि वर जायचं तर वजनकाट्याने तसं सांगितलं असेल तरच. आणि काटाच तसं सांगत असेल, तर आरसीवर लिहिलेलं एकूण वजनही एकदा वाचा. गाडीची धुरी, पाटे, ब्रेक यांना पीआर नसतो.

नायलॉन की रेडियल, हा वाद ट्रकवाल्यांत अजून जिवंत आहे. नायलॉनच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके, जाळीसारखे असतात. भिंत जाड, दगडाची कट सहज सोसते, किंमत कमी. पण चालताना थर एकमेकांवर घासतात, त्यामुळे टायर तापतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वरच्या रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. भिंत लवते, पण रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. म्हणून रेडियल कमी तापतो, जास्त किलोमीटर देतो, डिझेल थोडं वाचवतो आणि ओल्या रस्त्यावर चांगला पकडतो. खाणीत, विटभट्टीवर, दगडांतून गाडी जाणार असेल तर नायलॉनचा विचार करा. माळशेज उतरून कल्याण, शिळफाटा करत येणाऱ्या गाडीला रेडियलच. एकाच धुरीवर एक नायलॉन आणि एक रेडियल मात्र कधीही नको. दोघांचं वळणावरचं वागणं वेगळं असतं.

नक्षीचंही असंच. सरळ उभ्या खाचांची रिब नक्षी पुढच्या चाकांना बरी, स्टेअरिंग हलकं राहतं आणि आवाज कमी येतो. आडव्या मोठ्या ठोकळ्यांची लग नक्षी मातीत, शेतातल्या वाटेवर जोर देते, पण डांबरावर गुरगुरते. दादाची गाडी बांधावरून माल भरते, म्हणून मागे दोन्हींच्या मधली सेमी-लग. नुसती शहरात फिरणारी, महापे-रबाळे एमआयडीसीतली कुरिअरची गाडी असेल तर चारही रिब घ्या आणि विषय संपवा.

थोडा मोठा टायर टाकायची हौस तरुण मालकांना असते. गाडी रुबाबदार दिसते, खरंय. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. त्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३. चार टक्क्यांहून जास्त फरक. म्हणजे स्पीडोमीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी जवळपास ६३ ने पळत असते. इंजिनाला प्रत्येक फेरीला जास्त अंतर ओढावं लागतं, म्हणून घाटात गिअर आधी पाडावा लागतो. ब्रेकलाही तेवढंच मोठं चाक थांबवायचं असतं. आणि भरल्या गाडीत खड्डा आला की टायर मडगार्डला घासतो. रुबाब हौद्यावरच्या रंगकामात करा.

दुकानात टायर हातात आला की सगळ्यांत आधी चार आकडे शोधा. भिंतीवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत असतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं, ऊन आणि हवा त्याला कडक करतात. सहा-आठ महिन्यांपूर्वीचा टायर ठीक. दोन वर्षं पडून राहिलेला टायर "नवाच आहे" म्हणून पूर्ण भावात देत असतील, तर शेजारच्या दुकानात जा. आकडे बहुतेकदा एकाच बाजूला असतात. टायर डिस्कवर चढवताना ती बाजू बाहेर ठेवायला सांगा, नाहीतर नंतर बघायला गाडीखाली झोपावं लागतं. आयएसआय चिन्ह नसलेला टायर भारतात विकताच येत नाही, तेही बघून घ्या.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला टायर, सरसकट वाईट नसतो. मोठ्या ट्रकांचा अर्धा धंदा त्यावर चालतो. पण सांगाडा कुणाचा, किती जुना, किती वेळा पंक्चर झालेला, हे माहीत असलं पाहिजे. स्वतःचाच टायर ओळखीच्या ठिकाणी रबर करून घेतला तर गोष्ट वेगळी. रस्त्याच्या कडेला चमकवून ठेवलेला अनोळखी रिमोल्ड घेऊ नका, आणि पुढच्या चाकाला कुठलाच नको.

ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळू जाते, घरी पोचता येतं. कळंबोलीच्या पोलाद बाजारात फेऱ्या असतील तर याचं महत्त्व सांगायला नको, तिथल्या रस्त्यावर लोखंडाचा कीस कायम पडलेला असतो. फक्त एक करू नका. भिंतीला कट गेलेल्या ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून चालवणं हा लोकप्रिय जुगाड आहे. ट्यूब हवा धरते, पण कट तिथेच राहतो, भिंत कमकुवतच राहते. भिंतीच्या कटावर इलाज नाही.

बसवताना हवा भरायचे व्हॉल्व नवे घ्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट परत कसून घ्या, हे जवळपास कोणीच करत नाही. हवा सकाळी, गाडी न चालवता, गार टायरवर मोजा. दुपारी घाट उतरून आल्यावर दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढणं ही चूक. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी माहितीपुस्तकात बहुतेकदा दोन वेगळे आकडे असतात. दर फेरीला कोण हवा काढतं आणि भरतं? कोणीच नाही, दादाही नाही. पण आठवडाभर भाडं नसेल, गाडी रिकामीच फिरणार असेल, तर मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणायला पाच मिनिटं लागतात.

दादाने त्या पहाटेनंतर नवे दोन मागे नेले आणि दिवाळीत उरलेले दोन बदलले. तेव्हाच आम्ही हौद्याखालची स्टेपनी उतरवली. चिखलाच्या थराखाली चार आकडे सापडले. २२१५. गाडी सेकंडहँड घेतल्यापासून ती एकदाही जमिनीला लागली नव्हती, खाचा अगदी नव्यासारख्या, आणि भिंतीवर नखाएवढ्या भेगा. पुढच्या चाकांतला एक बरा होता, तो तिथे लावला. २०१५ ची ती स्टेपनी दादाला गावाकडे न्यायची होती, अंगणात झाड लावायला. वहिनी म्हणाली, पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास होतील, दुकानातच दे.